दुसऱ्याचं आडनाव

आमच्या वऱ्हाडात नुसतं नाव सांगून कोणाचं समाधान होत नाही. "नाव झालं, आडनाव सांगा," म्हणतात. ते सांगितलं की तिसरा प्रश्न येतो, "हे गावचं की कुळाचं?" पाटील, देशमुख ही वतनं झाली आणि अमुककर, तमुककर ही गावं झाली. सोयरीक जुळवायची तर यातलं काहीच उपयोगाचं नसतं. त्यांच्याखाली दडलेलं कुळाचं आडनाव लागतं. ते दोन्हीकडे एकच निघालं तर मुलगा-मुलगी भाऊ-बहीण झाले, मग दोन घरांत चाळीस कोसांचं अंतर असो की सात पिढ्यांत कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नसो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. तरी मी जे केलं ते केलं, आणि त्याची भीती पाच वर्षं अंगावर वागवली.

आमचं आडनाव उकर्डे. उकिरडा या शब्दाशी त्याचा संबंध आहे हे सांगायला पंडित लागत नाही. उंद्रीजवळच्या आमच्या गावात त्याचं काही वाटलं नव्हतं, कारण तिथे कोणाचं आडनाव जनावरावरून पडलेलं, कोणाचं भाजीवरून, तर कोणाचं आजोबाच्या लंगड्या पायावरून. कोण कोणाला हसणार? गावच्या मराठी शाळेच्या दाखल्यात तर आडनाव लिहितच नसत. अमुक वल्द तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, जात, वय, बस. हा दाखला घेऊन बाबा मला बुलढाण्याच्या हायस्कुलात घालायला निघाले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो.

नाव लिहून घेणारा कारकून खिडकीत बसला होता आणि बाहेर मुलांची रांग होती. बाबा बैलांना पाणी पाजायला गेले होते. माझ्यापुढे काळी मखमली टोपी घातलेला देऊळगाव राजाकडचा एक मुलगा होता, आणि त्याच्याही पुढचा चपला घातलेला. चपला घातलेल्याचं आडनाव जरा विचित्र होतं. कारकुनाने ते दोनदा मोठ्याने विचारलं तशी रांग खुदखुदली. टोपीवाल्याने मात्र आपलं आडनाव असं खणखणीत सांगितलं, की कारकुनाने मान डोलावून लिहून घेतलं. मग माझी पाळी आली.

"आडनाव?"

मी टोपीवाल्याचं सांगितलं.

कारकुनाने मान वर केली. "त्याचा भाऊ का रे?"

"चुलत," मी म्हणालो. टोपीवाला तोवर निघून गेला होता. एवढं सोपं होतं ते. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. त्या कुळातली भली माणसं अजून आहेत, आणि त्यांच्याकडून मी एकदा चोरी केली आहे तेवढी पुरे.

पहिले काही महिने मला त्यात मौजच वाटली. हजेरीला नवं नाव पुकारलं की मी छाती काढून "हजर" म्हणायचो. टोपीवाला दुसऱ्या तुकडीत गेला आणि वर्षभरात शाळाच सोडून गेला. बोर्डिंगात आमच्या गावाकडचं दुसरं कोणी नव्हतं. पण पुढे मला वर्गात पहिला नंबर मिळू लागला, आणि माझी खरी फजिती तिथून सुरू झाली. मॅट्रिकच्या आदल्या वर्षी शाळेने मला इंग्रजीत छापलेलं सर्टिफिकेट दिलं. मधोमध वळणदार अक्षरात माझं नाव, बाबांचं नाव आणि पुढे ते आडनाव. मी ते ट्रंकेत दडपून ठेवणार होतो. पण सुट्टीत बाबांनीच ट्रंक उघडली, तांबडा शिक्का पाहिला आणि विचारलं, "हे काय व्हय?"

"पहिला नंबर आला त्याचं."

बाबांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी तो कागद उलटा धरला होता, आणि तसाच धरून ते कितीतरी वेळ पाहत राहिले. कापूस घेऊन नांदुऱ्याला गेले तेव्हा ते तो धोतराच्या घडीत जपून घेऊन गेले, आणि काच-चौकट करवून आणला. तो आमच्या ओसरीच्या भिंतीवर खुंटीला टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बोट करून दाखवायचे, "पोराचा आहे." गावात इंग्रजी वाचणारा कोणी नव्हता म्हणून मी वाचलो. पण चोराच्या मनात चांदणं. अंगात कोट घातलेला कोणी वेशीतून येताना दिसला की मी त्या चौकटीपुढे जाऊन उभा राहायचो. पटवारी येणार असला की मी शेताचा रस्ता धरायचो. एकदा गावात देवी टोचणारा डॉक्टर आला होता. तो ओसरीवर पाणी प्यायला, चष्मा पुसला आणि भिंतीकडे वळला, तेव्हा मी त्याच्या हातातला तांब्या जवळजवळ ओढूनच घेतला. तो मला अडाणी समजून निघून गेला, आणि मला बरं वाटलं.

माझी बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणायचो. ती रोज पदराने ती काच पुसायची. तिला अठरावं लागलं होतं, आणि त्या वेळी एवढ्या वयाची पोर घरात म्हणजे गावाच्या तोंडाला विषय. दोन सोयरिकी येऊन मोडल्या होत्या. एका ठिकाणी देवक एकच निघालं, दुसऱ्या ठिकाणी मुलाकडच्यांना आमची जमीन कमी वाटली. आई नवस बोलून बोलून थकली होती. बाई पाण्याला जायची ती भर दुपारी, कारण त्या वेळी विहिरीवर बायका नसतात.

मी मॅट्रिकला होतो त्या माघात तिसरी सोयरीक आली. देऊळगाव राजाकडचं घर. बागायत जमीन, मुलगा निर्व्यसनी, घरात सासू मायाळू अशी ख्याती. बाबांनी बैठकीसाठी मला बोर्डिंगातून बोलावून घेतलं. मी गावी पोचलो आणि आईने चहा देता देता पाहुण्यांचं आडनाव सांगितलं. चहा माझ्या हातातच राहिला.

तेच आडनाव होतं.

माझ्या डोक्यात एकदम सगळं उभं राहिलं. पाहुण्यांत मुलाचा काका येणार होता, आणि तो तहसिलीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा अर्जनवीस होता. म्हणजे इंग्रजी वाचणारा. दुपारी सगळे कामात असताना मी चौकट खुंटीवरून काढली आणि माजघरात ज्वारीच्या कणगीमागे सरकवली. अर्ध्या घटकेने ओसरीवर येऊन पाहतो तर ती परत भिंतीवर, काच लख्ख पुसलेली.

"तू काढलं का हे?" बाईने विचारलं. "काऊन काढलं? पाहुण्याइले दिसू दे ना. माह्यात पाहण्यासारखं काय आहे? भाऊ शिकून राह्यला एवढंच तर आहे."

तेव्हा तिला सांगायला हवं होतं. ती ओरडली असती, रडली असती, पण तिने ती चौकट चुलीत घालून मला वाचवलं असतं आणि स्वतःलाही. मी म्हणालो, "काच सैल झाली होती." घाबरट माणूस एक खोटं झाकायला दुसरं शोधतो, आणि माझ्याकडे त्यांचा साठा होता.

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. चार माणसं होती. पाय धुणं झालं, पाणी झालं, ताटात सुपारी ठेवली गेली. आमच्याकडे बोलणं जुळलं की ती सुपारी फोडतात आणि मग सोयरीक पक्की. आमच्या भाऊबंदातला उंद्रीचा एक म्हातारा बाबांच्या शेजारी बसला होता. कुळाची विचारपूस झाली. बाबांनी आडनाव सांगितलं, देवक सांगितलं, आईचं माहेर सांगितलं. त्यांचं त्यांनी सांगितलं. कुठेच अडलं नाही. मुलाचा बाप बाबांना म्हणाला, "मंग आता काय पाहता? फोडा सुपारी."

आणि बाबांना तेवढ्यात लेकाचं कौतुक सुचलं. त्यांनी स्वतः उठून चौकट काढली आणि अर्जनवीसाच्या मांडीवर ठेवली. "हे वाचा जरा. तुम्ही वाचणारे माणसं. आमच्या घरात पहिलाच कागद आहे हा."

अर्जनवीसाने चष्मा लावला. त्याचे ओठ हलताना मी पाहत होतो. मधल्या ओळीवर ते थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

"हे पोरगं तुमचंच?"

"हाव. दुसऱ्याचं कोनाचं असन?" बाबा हसले.

"मंग याच्यावर आमचं आडनाव कसं?"

बाबांना आधी ते समजलंच नाही. अर्जनवीसाने बोट ठेवून वाचून दाखवलं, एक एक शब्द. "शाळेचा कागद आहे, वरून शिक्का आहे," तो म्हणाला. "शाळेत एक कुळ आन बैठकीत दुसरं. खरं कोनतं धरायचं आम्ही? हे खरं असन तर पोरगी आमची बहीण लागते. आन ते खरं असन, तर तुम्ही कुळ काऊन लपवता?"

"मास्तरची चूक झाली असन," बाबा म्हणाले. "त्याले ऐकू आलं नसन." मग ते माझ्याकडे वळले. "सांग ना रे. चूकच झाली ना?"

मी "हो" म्हणालो. चौथं की पाचवं खोटं होतं ते, मोजायचं मी सोडून दिलं होतं.

सुपारी ताटातच राहिली. मुलाचा बाप सज्जन होता. तो म्हणाला, आठ दिवस थांबतो, खरं-खोटं करून कळवा. पण अर्जनवीस चपला घालताना भाऊबंदाच्या म्हाताऱ्याला हळूच म्हणाला तेही मी ऐकलं, "कुळ लपवणाऱ्या घरची पोर कोनी करत नाही, बुवा." माजघराच्या दारामागे बाई उभी होती. तिनेही ते ऐकलं असणार.

आईने त्या दिवशी चूल पेटवली पण स्वयंपाक केला नाही. बाबांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि तेच मला जास्त जाळत होतं. त्यांचा माझ्यावर पुरा भरवसा होता. चूक मास्तरची, असं त्यांनी धरलंच होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी बैलांची दमणी जुंपली. चिखलीपर्यंत दमणीने, तिथून पुढे सर्व्हिस मोटारीने बुलढाणा. शाळेत जाऊन चूक दुरुस्त करून आणायची होती.

वाटेत आता सांगू, त्या आंब्यापाशी सांगू, नाला ओलांडला की सांगू, असं मी मनात घोकत होतो. आंबा गेला, नालाही गेला. मग बाबाच बोलले.

"मास्तरले आपलं आडनाव घाण वाटलं असन. उकिरडा म्हटलं की लोक नाक मुरडतात. तुले त्याची गोठ माहीत आहे का?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"तुह्या खापरपणजीचे सहा लेकरं गेले. जन्मायचे आन दोन-चार महिन्यांत जायचे. सातवा झाला तेव्हा तिनं त्याले छातीशी धरलं नाही. सुपात घातला आन उकिरड्यावर नेऊन ठेवला. थंडीचे दिवस. शेजारची बाई ठरल्याप्रमाणं आली, 'हे टाकलेलं पोर कोनाचं' म्हनून उचलून घरी घेऊन गेली. मंग तुही खापरपणजी तिच्या दारात गेली, सूपभर कोंडा दिला आन आपलंच पोर इकत घेतलं. नाव ठेवलं उकर्डा. जे फेकून देलं त्याच्यावर मरनाची नजर जात नाही म्हनतात. तो जगला. त्याच्या पोटी आपन सारे." त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "दुसऱ्याइचे आडनावं गावाचे असतात, धंद्याचे असतात. आपलं एका मायच्या भीतीचं आहे."

आडनावाला अर्थ असतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि नेमकं त्या दिवशी ते कळून घेण्याची माझी लायकी नव्हती. त्या बाईने पोर सुपात ठेवून मागे वळून न पाहता चार पावलं टाकली असतील, ती कशी टाकली असतील याचा विचार मी मोटारीत बसून करत होतो. मी तोंड खिडकीबाहेर काढून बसलो होतो. बाबांना वाटलं मोटार लागली. त्यांनी लिंबू हुंगायला दिलं.

शाळेत तोच कारकून होता. बाबांनी खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं आणि नमस्कार केला. "साहेब, तुमच्या हातून एक चूक झाली," असं ते फार नरमाईने म्हणाले. कारकून तापला. इतक्या वर्षांत आपण कोणाचं नाव चुकवलेलं नाही, असं सांगत त्याने कपाटातून पाच वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं आणि पानं उलटू लागला. बाबा त्याच्या बोटाकडे पाहत होते. कारकुनाचं काही चुकलेलं नव्हतं. आता तो ओरडून घेणार आणि बाबा माझ्यासाठी हात जोडणार, हे मला समोर दिसत होतं.

"बाबा," मी म्हणालो, "यांची चूक नाही. मीच सांगितलं होतं तसं. मुलं हसतील म्हणून."

बाबांनी मान वळवली नाही. ते रजिस्टरकडेच पाहत राहिले. कारकुनाने पानावरचं बोट उचललं. मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, की मॅट्रिकचे फॉर्म नागपूरला गेले आहेत, आता नावात फरक होणार नाही, हेच राहणार.

"ते राहू द्या," बाबा म्हणाले. "मले एक कागद लिहून द्या. पोरानं शाळेत खोटं आडनाव सांगतलं, बाप हजर नव्हता, आन याचं खरं कुळ उकर्डे आहे. एवढं लिहा आन शिक्का मारा. पोरीचं लगन अडलं आहे."

कारकून हेडमास्तरांकडे जाऊन आला. कागद मलाच लिहायला लावला, कारण अक्षर माझं चांगलं होतं. "मी खोटे सांगितले" हे शब्द मी स्वतःच्या हाताने शाईने लिहिले, खाली सही केली, आणि वर शिक्का बसला. परतीच्या वाटेवर बाबा माझ्याशी बोलले, पण फक्त कामाचं. पाणी घे. भूक लागली का. बैल सोड.

आठव्या दिवशी पाहुणे आले. अर्जनवीसाने तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. उंद्रीच्या म्हाताऱ्याने बेलभंडार उचलून कुळाची साक्ष दिली. मग मुलाच्या बापाने मला पुढे बोलावलं. "तोंडानं सांग. तुह्यं आडनाव काय?"

"उकर्डे," मी म्हणालो. अर्जनवीस म्हणाला, ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणालो. दारामागून बांगड्यांचा आवाज आला तेव्हा मला कळलं की बाई तिथे उभी आहे.

सुपारी फुटली.

वैशाखात लग्न झालं. वरात निघायच्या आधी बाई माझ्यापाशी आली. ती रागावेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "मले वाटलं होतं आता आपन दोघंही घरातच म्हातारे होतो." एवढं बोलून ती हसली, आणि मग रडली. त्या दिवसापासून ती त्या घराची झाली. तिला त्यांचं आडनाव लागलं. माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट ज्येष्ठात आलं, त्यावरही तेच आडनाव होतं. पुढे नोकरीत तेच चाललं, घरच्या पाटीवर तेच लागलं, माझ्या मुलांनाही तेच मिळालं. तिला ते अक्षता पडून मिळालं आणि मला चोरून, पण लिहायला सारखंच.

सर्टिफिकेट आलं त्या दिवशी बाबा अंगणातल्या मंडपाची उरलेली बल्ली काढत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बाबा, नाव बदलता येतं का पाहतो मी. नागपूरला अर्ज करतो."

त्यांनी बल्ली खाली ठेवली. रागावले नव्हते. थकलेले दिसत होते.

"पोरगी नाव सोडून जाते, हे मले ती जन्मली तवाच माहीत होतं," ते म्हणाले. "तिच्यासाठी मी मन घट्ट करून ठेवलं होतं. तुह्यासाठी नव्हतं केलं."